गाठ काय टाकते?



तोंडाच्या कर्करोगावर व्याख्यान म्हटलं की तंबाखू सोडा असं सांगणारं भाषण होणार, असं श्रोते धरूनच चालतात. तंबाखूबद्दल मी बोलणारच आहे, ते टाळून चालणार नाही. पण आज मला तुम्हाला त्याच्या पुढच्या टप्प्यावर न्यायचं आहे. गालात गाठ झाली. आता ती गालातच राहील की मानेत उतरेल, हे कशानं ठरतं? रोग्याचं पुढं काय होणार, हे पुष्कळदा याच प्रश्नावर अवलंबून असतं. मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये कर्करोग पोचला, की रोगी बरा होण्याची शक्यता ढोबळमानानं निम्म्यावर येते. आणि पेशींच्या अभ्यासातून आता जे पुढं आलंय ते असं, की मानेकडं जाणारी ही वाट तयार करण्यात गाठीनं स्वतः बाहेर टाकलेल्या द्रव्यांचा मोठा हात आहे.

रुग्ण आणि नातेवाईक मला विचारतात, "डॉक्टर, ही गाठ काय खाते? साखर बंद करू का?" मी आज त्याच्या उलट बाजूनं बोलणार आहे. गाठ काय टाकते, ते पाहू.

आधी या रोगाचा पसारा. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात वर्षभरात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि जवळपास ८० हजार माणसं त्यानं गेली. भारतीय पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू खाताना आढळले, आणि विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपलं व्यसन गालफडात दाबून ठेवायचं आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण विदर्भातला खर्रा कारखान्यात तयार होत नाही, तो पानठेल्यावर आपल्या डोळ्यांदेखत घोटला जातो. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, सगळं पन्नीत घालून घासायचं आणि गरम झालेली पुडी हातात द्यायची. हे मिश्रण तासन्‌तास एकाच जागी, गालाच्या आतल्या बाजूला बसून राहतं. गाठ बहुधा तिथंच उठते.

आता शंभर वर्षं मागं जाऊ. १९२० च्या दशकात बर्लिनच्या डालेम भागात ओटो वॉरबुर्ग नावाचा शास्त्रज्ञ उंदरांच्या गाठींचे अगदी पातळ काप काचेच्या छोट्या भांड्यात ठेवून त्यांचा श्वास मोजत होता. भांड्याला एक बारीक नळी जोडलेली असे. आतल्या वायूचा दाब वाढला-घटला की नळीतला द्रव वर-खाली होई. पेशींनी प्राणवायू घेतला तर दाब कमी होणार. पेशींनी आम्ल सोडलं, तर ते द्रावणातल्या बायकार्बोनेटशी मिळून कार्बन डायऑक्साइड बाहेर काढणार आणि दाब वाढणार. गाठीचे काप ठेवले की द्रव असा काही सरकायचा, की त्या एवढ्याशा तुकड्यातून आम्लाची धार लागली आहे हे वॉरबुर्गच्या लक्षात आलं. विशेष म्हणजे भांड्यात प्राणवायू भरपूर होता.

प्राणवायू असताना निरोगी पेशी ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे ऊर्जेच्या चलनाचे, सुमारे ३० रेणू काढते. प्राणवायूशिवाय काम भागवायचं तर फक्त २ मिळतात आणि लॅक्टिक आम्ल उरतं. जोरात पळताना आपले स्नायू थोडा वेळ हेच करतात. कर्करोगाची पेशी मात्र प्राणवायू समोर असतानाही याच उधळ्या मार्गानं जाते. वॉरबुर्गला वाटलं की तिची श्वसनयंत्रणाच मोडली आहे आणि तेच कर्करोगाचं मूळ आहे. हे अनुमान पुढं टिकलं नाही. बहुतेक गाठींतली ही यंत्रणा चालू असते. पेशीला झपाट्यानं दुप्पट व्हायचं असतं, त्यासाठी कच्चा माल हवा असतो, आणि ग्लुकोज अर्धवट मोडण्याच्या वाटेवर तो माल मिळतो. पण वॉरबुर्गचं निरीक्षण पक्कं निघालं. आज आपण रुग्णाला पेट स्कॅनला पाठवतो तेव्हा गाठीच्या याच साखरेच्या हावेचं चित्र पडद्यावर उजळतं. वॉरबुर्गला १९३१ चं नोबेल मिळालं, ते श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी.

बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष आत जाणाऱ्या साखरेवर राहिलं. बाहेर पडणारं लॅक्टिक आम्ल म्हणजे नुसता कचरा, असंच मानलं गेलं.

हा कचरा बाहेर कसा पडतो? पेशीच्या आवरणात एमसीटी-४ नावाचं एक प्रथिन असतं. ते लॅक्टेटचा, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्याच आयनी रूपाचा, एक रेणू बाहेर सोडताना त्याच्यासोबत एक हायड्रोजन आयनही सोडतं. त्यामुळं पेशीच्या आतलं वातावरण ठीक राहतं आणि बाहेरचं आंबट होत जातं. इथं बसलेल्या शेतकऱ्यांना सामू (पीएच) म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, मृद आरोग्य पत्रिकेत तो सुरुवातीलाच छापलेला असतो. निरोगी ऊतीचा सामू ७.४ च्या आसपास असतो. गाठीभोवती तो ६.५ ते ६.९ पर्यंत उतरलेला सापडतो. आकडा बारीक दिसतो, पण ७.४ वरून ६.७ वर येणं म्हणजे आम्लता पाचपट होणं.

१८८९ साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शल्यविशारदानं स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून लिहिलं होतं, की कर्करोग कुठं पसरेल हे एकट्या बियाण्यावर ठरत नाही, माती कशी आहे त्यावरही ठरतं. आपण काळ्या मातीतली माणसं. ही गोष्ट आपल्याला लगेच पटते. पॅजेटला जे ठाऊक असणं शक्य नव्हतं ते एवढंच, की हे बी आपली माती स्वतः बदलून घेतं.

त्या आंबट झालेल्या पट्ट्यात काय होतं? शेजारच्या निरोगी पेशींना हा सामू मानवत नाही, त्या मरतात. कर्करोगाच्या पेशी तिथं टिकून राहतात, कारण आम्ल बाहेर फेकायची यंत्रणा त्यांनी आधीच वाढवून ठेवलेली असते. कोलॅजनचं जाळं कुरतडणारी विकरं या आम्लात जागी होतात. गालाच्या अस्तराखाली कोलॅजनची जी घट्ट चटई असते, ती उसवायला लागते. अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या रॉबर्ट गिलीज आणि रॉबर्ट गेटनबी यांच्या गटानं २०१३ मध्ये उंदरांच्या कातडीत बसवलेल्या छोट्या खिडकीतून गाठीची कड दिवसेंदिवस पाहिली. कड सगळीकडं सारखी पुढं सरकत नव्हती. जिथं सामू सगळ्यांत कमी होता, तिथूनच ती पुढं घुसत होती.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. लॅक्टेटमुळं नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारे संदेश वाढतात. गाठीवर चाल करून आलेल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी लॅक्टेटनं भरलेल्या जागी मंदावतात, कारण त्यांनाही स्वतःचं लॅक्टेट बाहेर टाकायचं असतं आणि बाहेर आधीच ते गच्च भरलेलं असतं. २००८ मध्ये तर असंही दिसलं की गाठीच्या आतल्या, प्राणवायू न मिळणाऱ्या पेशींनी टाकलेलं लॅक्टेट रक्तवाहिनीजवळच्या पेशी इंधन म्हणून वापरतात आणि ग्लुकोज आतल्यांसाठी सोडतात. २०१९ मध्ये शिकागोच्या यिंगमिंग झाओ यांच्या गटानं दाखवलं की लॅक्टेट थेट हिस्टोनना, म्हणजे जनुकं ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेली असतात त्यांना, जाऊन चिकटतं आणि कोणती जनुकं चालू राहायची यात ढवळाढवळ करतं. ज्याला आपण कचरा म्हणत होतो, तो पेशींना हुकूम देत होता.

ही सगळी उंदरांची आणि काचपात्रांची गोष्ट झाली, आमच्या तोंडाच्या गाठींचं काय, असं तुम्ही म्हणाल. त्याचं उत्तर जर्मनीतल्या माइन्झ शहरातून १९९७ मध्ये आलं. श्टेफान वालेंटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोकं-मान भागातल्या कर्करोगाच्या गाठींचे तुकडे काढल्या-काढल्या गोठवले आणि त्यांचे पातळ काप केले. मग त्या कापांवर अशी विकरं सोडली, की जिथं लॅक्टेट जास्त तिथं जास्त प्रकाश पडेल. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा लावून त्या प्रकाशाचे फोटो घेतले. असा नकाशा तयार झाला, की गाठीचा कुठला कोपरा किती लॅक्टेटनं भरलाय ते डोळ्यांनी दिसावं. आणि ज्या गाठींत लॅक्टेट जास्त होतं, त्या पसरण्याचं प्रमाणही जास्त होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड ब्रायझेल यांनी २००१ मध्ये हेच पुन्हा पाहिलं. हे अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत, पण दोन वेगळ्या देशांत एकाच दिशेनं बोलणारे आहेत.

लॅक्टेट एकटं नाही. दारूचं शरीरात आणि तोंडातल्या जिवाणूंकडूनही ॲसिटाल्डिहाइड होतं, ते जनुकांना थेट इजा करतं. खर्रा आणि दारू दोन्ही असतील तर धोका नुसत्या बेरजेहून जास्त होतो. स्निग्ध पदार्थांची वेगळीच कथा बार्सिलोनातून आली. साल्व्हादोर अस्नार बेनिता यांच्या गटानं माणसाच्या तोंडातल्या गाठींच्या पेशी उंदरांत वाढवून दाखवलं, की सीडी-३६ हा मेदाम्ल आत ओढणारा रेणू ज्या थोड्या पेशींवर ठासून भरलेला असतो, त्याच पेशी पसरण्यात पुढं असतात. २०२१ मध्ये त्यांनी पुढं सांगितलं, की पामतेलातल्या पामिटिक आम्लाच्या आहारानं या पेशींना पसरण्याची जणू आठवण राहते, आहार बंद केल्यावरही. ओलेइक आणि लिनोलेइक आम्लांनी तसं झालं नाही. हे उंदरांतलं आहे. यावरून उद्या कुणी आपल्या भजीच्या कढईवर फतवा काढू नये.

आता आपल्याकडं येऊ. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ मध्येच मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगावर लिहिलं. भारतीय पॅथॉलॉजीची पायाभरणी करणारा हा मराठी माणूस. १९५३ मध्ये मुंबईतच डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी कडक होण्याच्या एका आजाराचं वर्णन केलं. आज आपण त्याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. विदर्भात तो घरोघरी आहे. आधी तिखट लागायला लागतं, वरणातली मिरचीसुद्धा सोसवत नाही. मग गाल आतून पांढरट आणि ताठ होतो. मग तोंड उघडेना होतं. धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. माझ्यासमोर विशीतली मुलं बसतात, ज्यांचं एक बोटही जेमतेम जातं. घास बारीक करून, बाजूनं सरकवून जेवावं लागतं. लग्नाच्या पंगतीत बसायची त्यांना लाज वाटते.

याचं मुख्य कारण तंबाखूपेक्षा सुपारी आहे. सुपारीतलं ॲरेकोलिन कोलॅजन बनवणाऱ्या पेशींना चिथावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणारं विकर तांब्यावरच चालतं. धागे वाढतात, आवळतात, रक्तवाहिन्या दबतात, वरच्या अस्तराला प्राणवायू कमी पडतो. श्रीलंकेतल्या तिलकरत्ने यांच्या गटानं अशा ऊतींत प्राणवायूच्या टंचाईचा निदर्शक असलेलं एक प्रथिन वाढलेलं दाखवलं आहे. म्हणजे गाठ उठायच्या आधीच गालातल्या पेशी प्राणवायूविना जगायला शिकत असतात. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा त्यातल्या ७.६ टक्के लोकांना कर्करोग झाला.

इथवर ऐकून कुणालाही वाटेल, की मग अशा ताठ झालेल्या गालातली गाठ मानेत आणखी लवकर जात असणार. मलाही तसंच वाटलं असतं. पण टाटा मेमोरियलच्या डॉ. पंकज चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जे मांडलं ते उलट होतं. फायब्रोसिस असलेल्या तोंडात उठलेल्या गाठींचे रुग्ण वयानं लहान होते, पण त्यांच्या मानेत रोग उतरण्याचं प्रमाण कमी होतं. याचं एक संभाव्य स्पष्टीकरण असं, की ज्या धाग्यांनी गाल आवळला त्यांनीच लसिकावाहिन्याही आवळल्या, त्यामुळं बाहेर जायची वाटच अरुंद झाली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. आम्लानं कोलॅजन उसवतं हे खरं, आणि आपल्या मुलांच्या गालात कोलॅजनचा डोंगर आहे हेही खरं. या दोहोंची झुंज पाश्चात्त्य देशांतल्या गाठींत सहसा पाहायला मिळणार नाही, कारण तिकडं तोंड-घशाचा कर्करोग बहुतांशी सिगारेट, दारू आणि विषाणूमुळं होतो.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. गाठीभोवती आम्ल असतं एवढं ऐकून "अल्कलाइन पाणी प्या, शरीराचा सामू वाढवा" असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अहोरात्र सांभाळतात. तुम्ही प्यालेलं पाणी आधी जठरातल्या आम्लात पडतं. गाठीजवळचं आम्ल गाठ जागेवर बनवते, तिथं हे पाणी पोचत नाही. २००९ मध्ये उंदरांना बायकार्बोनेट पाजून रोगाचं पसरणं कमी झालेलं दिसलं, हे खरं आहे. पण तेवढ्यावरून घरी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून कुणी रोग्याला देऊ नका. आणि साखरही तशीच. यकृत गरजेपुरतं ग्लुकोज स्वतः तयार करतं, त्यामुळं चहातली साखर काढून गाठ उपाशी मरत नाही. आधीच तोंड न उघडणारा रोगी, त्यात घरच्यांनी गूळ बंद केला, दूध बंद केलं, केळी बंद केली. असे रोगी रेडिएशनला येतात तेव्हा त्यांचं वजन इतकं उतरलेलं असतं, की उपचार मध्येच थांबवावे लागतात. त्यांना खाऊ घाला. खिचडी पातळ करून, अंडं मऊ करून, शेंगदाण्याचा कूट घालून, जसं जाईल तसं.

मग लॅक्टेट बाहेर पडायची वाट औषधानं बंद करता येईल का? तसा प्रयत्न झाला आहे. एमसीटी-४ च्याच कुळातलं एमसीटी-१ हे प्रथिन रोखणारं एक औषध ब्रिटनमध्ये पहिल्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णांना दिलं गेलं. अडचण ही, की हेच प्रथिन डोळ्याच्या पडद्याला आणि हृदयालाही लागतं. हे काम प्रयोगशाळांमध्ये चालू राहील. आपल्या हाती आज जे आहे त्याला दोन नावं आहेत, वेळ आणि सुरी.

सुरीबद्दल टाटा मेमोरियलनं जगाला शिकवलं. तोंडात लहान गाठ आहे, मानेत हाताला काही लागत नाही. अशा वेळी मान आधीच साफ करायची, की गाठ येईपर्यंत थांबायचं? दशकानुदशकं यावर वाद होता. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठी टाकावी तसं रुग्णांना दोन गटांत विभागून याचा निकाल लावला. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्याच शस्त्रक्रियेत मान साफ केलेले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हाताला न लागणारा रोग काहींच्या मानेत आधीच पोचलेला असतो, हे त्या साडेबारा टक्क्यांनी सिद्ध केलं. ज्या गाठी ३ मिलिमीटरहून खोल गेल्या होत्या, त्यांत हा फायदा दिसला. तीन मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढं. म्हणून बायोप्सीचा किंवा शस्त्रक्रियेचा अहवाल हातात आला, की "खोली किती?" हे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आणि वेळ. आपल्या भागात रोगी म्हणतो, "सोयाबीन निघालं की जातो." सोयाबीन निघतं, मग तूर उभी असते. तूर झाली की मुलीचं लग्न. गालातला चट्टा दुखत नाही, म्हणून तो वाट पाहतो. दुखायला लागतो तेव्हा मानेत अवधाण आलेलं असतं, आणि गावात कुणीतरी ते दाताचं म्हणून सांगतं. मग आधी अकोला, मग नागपूर, नाहीतर अकोल्याहून मुंबईची गाडी आणि परळच्या फुटपाथवर मुक्काम. हा माणूस बेफिकीर नाही. त्याच्या रानात त्याच्यावाचून कुणी नाही. पण त्या महिन्यांत गाठ रोज आपलं आम्ल सोडत असते, आणि मिलिमीटरचा हिशोब तिकडं चालू असतो.

तोंड हा असा अवयव आहे, की कर्करोग शोधायला यंत्र लागत नाही, बॅटरी पुरते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ मध्ये त्याचा निष्कर्ष आला, की तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. आपल्या सरकारी कार्यक्रमातही तिशीनंतरच्या प्रत्येकाचं तोंड पाहायचं ठरलेलं आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीयांपैकी अशी तपासणी कधी झाली होती ती १०० मागं जेमतेम एकाची. आशाताई दारात आल्या की त्यांच्यासमोर आ करायला लाजू नका. खर्रा खाणाऱ्यानं तर स्वतःच आरशासमोर उभं राहून दोन्ही गाल बोटानं ओढून आत पाहावं, जीभ उचलून खाली पाहावं, तीन बोटं मावतात का ते बघावं. लाल किंवा पांढरा चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर सोयाबीन उभं असलं तरी निघावं.

२०२४ पासून वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला त्यासाठी पंचवीसहून अधिक वर्षं थांबावं लागलं. तिथं येत्या काळात पॅथॉलॉजीचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली याच जिल्ह्यातल्या गाठी पाहतील. रिसोडच्या, मानोऱ्याच्या, मंगरूळपीरच्या खर्रा खाणाऱ्यांच्या गाठी. त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा एक छोटा तुकडा, रुग्णाची संमती घेऊन, गोठवून ठेवायची सोय आतापासूनच करा. सोबत चार गोष्टी लिहून ठेवा: खर्रा किती वर्षं, तोंड किती बोटं उघडत होतं, गाठ किती मिलिमीटर खोल आणि मानेत रोग होता की नाही. माइन्झमध्ये जे लॅक्टेट मोजलं ते आपल्या ताठ गालांतल्या गाठींत मोजायचं, तर हे तुकडे इथूनच मिळतील.